भर उन्हाळ्यात फुलपाखरं शोधायची कुठे आणि त्यांचे फोटो काढायचे कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सकाळी दहा-साडेदहाला कॅमेरा घेऊन निघता, दुपारपर्यंत फुलझाडांच्या आसपास फिरता, पण फुलपाखरं दिसत नाहीत. एखादं दिसलंच तर जवळ जायच्या आत उडून जातं. उन्हाळ्यात ती नसतातच का, आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स आहे तर आता मॅक्रो लेन्स (अगदी जवळून मोठा फोटो काढणारी) घ्यावी का, असंही विचारलंय.

असतात. पावसाळा सरतानाची गर्दी या दिवसांत नसते, हे खरं. बऱ्याच जाती कोरडे महिने कोशात किंवा कुठेतरी निपचित बसून काढतात. पण जी बाहेर असतात ती कुठे आणि केव्हा सापडतील याचा अंदाज उन्हाळ्यात उलट जास्त नेमका बांधता येतो, कारण त्यांना जागाच कमी उरलेल्या असतात. तुम्ही फुलं शोधताय. उन्हाळ्यात आधी ओल शोधा, मग सावली, आणि फुलं सगळ्यात शेवटी.

यामागचं कारण नीट कळलं की बाकीचं आपोआप सुचतं. फुलपाखराच्या शरीराचं तापमान भोवतालच्या हवेवर आणि उन्हावर चालतं. उडण्यासाठी छातीतले स्नायू साधारण ३० अंशांच्या वर तापलेले लागतात. बऱ्याच जातींना ३३ ते ३८ अंश हा टप्पा सोयीचा असतो, आणि ४० च्या पुढे धोका सुरू होतो. आता उन्हाळ्यातला दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे ते गार असतं, उडता येत नाही. ऊन अंगावर आल्यावर पंख पसरून शेकत बसतं. मग तास-दोन तास कामाचे: खाणं, जोडीदार शोधणं, अंडी घालणं. साडेदहा-अकरानंतर हवाच इतकी तापते की त्याला अंग वाचवावं लागतं, आणि ते पानांखाली जाऊन बसतं. म्हणजे तुम्ही घरातून निघता तेव्हा ती आत शिरत असतात.

पंखांचंही असंच. पंख म्हणजे वाळक्या कागदासारखं काहीतरी निर्जीव, असं आपण धरून चालतो. पण त्यांत शिरा असतात, जाणिवेच्या पेशी असतात, काही जातींच्या नरांत गंध सोडणारे ठिपके असतात. कोलंबिया आणि हार्वर्ड विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिलं की पंखाच्या या जिवंत भागांची सूक्ष्म रचना उष्णता बाहेर टाकायला जास्त सोयीची असते, त्यामुळे ते भाग बाकी पंखापेक्षा गार राहतात. पंखाचा एखादा भाग फार तापला की फुलपाखराला ते कळतं आणि ते वळतं किंवा जागा बदलतं. उन्हात बसलेलं फुलपाखरू सारखं कूस बदलत असेल, तर ते तुम्हालाच घाबरलंय असं नाही. बऱ्याचदा ते उन्हाशी जुळवून घेत असतं.

म्हणून पहिला बदल वेळेचा. उजाडायच्या आधी जागेवर पोचा. आदल्या संध्याकाळी फुलपाखरं नेमकी कुठे बसली हे पाहून ठेवलं असेल तर फारच उत्तम: गवताच्या काड्या, वाळक्या डहाळ्या, झुडपाची आतली बाजू. त्या वेळी ती गार असतात, बसल्या जागेवरून हलत नाहीत, आणि प्रकाश मऊ असतो. तिपाई (ट्रायपॉड) लावून निवांत फोटो काढायची उन्हाळ्यातली ही सगळ्यात चांगली संधी. मात्र पंख बहुतेक मिटलेले असतील. उघडे पंख हवे असतील तर ऊन पहिल्यांदा कुठे पडतं ती जागा धरून बसा. एक बारकावा असा की सगळीच फुलपाखरं पंख उघडून शेकत नाहीत. ग्रास यलो, इमिग्रंट यांसारखी पिवळी मंडळी पंख मिटून एका कुशीवर कलतात आणि खालची बाजू उन्हाकडे करतात. त्यांच्या उघड्या पंखांची वाट बघत बसलात तर सकाळ वाया जाईल.

आता ओल, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण उन्हाळ्यातली खरी मजा यातच आहे. आटत चाललेल्या ओढ्याचा काठ, पाझर, गळका नळ, झाडांना पाणी घातल्यावर भिजलेली वाट, जनावरं पाणी पितात ती जागा. अशा ठिकाणी सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान फुलपाखरं ओल्या मातीवर सोंड टेकवून बसतात. याला चिखलपान म्हणतात. पाणी हे निमित्त, त्यांना हवे असतात त्यात विरघळलेले क्षार, मुख्यतः सोडियम. वनस्पतींत आणि मधुरसात ते फार कमी असतं. बहुतेक जातींत हे काम नर करतात, आणि जमवलेले क्षार मीलनाच्या वेळी मादीला मिळतात, तिथून अंड्यांत जातात. लाइम, कॉमन जे, ब्लूबॉटल, इमिग्रंट आणि निळ्या रंगाची चिमुकली ‘ब्ल्यूज’ यांत आघाडीवर. लघवीने भिजलेल्या मातीवर आणि शेणावर गर्दी सगळ्यात जास्त असते. फोटोखाली ते लिहायची सक्ती नाही.

चिखलपानात रमलेलं फुलपाखरू फुलावरच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ एका जागी थांबतं, म्हणून नवख्या माणसाने सुरुवात इथेच करावी. एखाद्या जातीचं एक बसलं की ते बघून त्याच जातीची आणखी उतरतात. त्यामुळे तुमच्या पावलाने सगळा थवा उडाला तरी मागे फिरू नका. जिथे आहात तिथेच खाली बसा. थोड्या वेळात पहिलं परत येतं, मग दुसरं, आणि आता तुम्ही त्यांच्या जवळ आधीच बसलेले असता. मोठ्या फुलपाखरांकडे नीट पाहिलंत तर ती समोरून पाणी ओढताना मागून थेंब टाकताना दिसतील: क्षार ठेवायचे, जास्तीचं पाणी सोडून द्यायचं. तो थेंब उडतानाचा फोटो मिळवायचा तर सलग फ्रेम्सवर कॅमेरा ठेवा आणि लय पकडा, कारण थेंब बऱ्यापैकी ठरावीक अंतराने पडतात.

तुमच्या घामातही मीठ असतं, हेही लक्षात असू द्या. भिजलेल्या टोपीवर, कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर किंवा मनगटावर एखादं येऊन बसलं की ते हाताने हाकलू नका, दुसऱ्या हाताने मोबाइल काढा.

अकरानंतर दाट सावलीत शिरा. आंब्यासारख्या घनदाट झाडाखाली, ओढ्यालगतच्या झुडपांत, वाळक्या पाचोळ्यात. इथे वेगळी मंडळी भेटतात. कॉमन इव्हनिंग ब्राउन दिवसभर पाचोळ्यात बसून असतं आणि संधिप्रकाशात उडतं. पावसाळ्यातल्या पिढीच्या पंखांखाली डोळ्यांसारखे स्पष्ट ठिपके असतात, तर कोरड्या हंगामातल्या पिढीत ते जवळपास पुसले जातात आणि पंख हुबेहूब वाळक्या पानासारखे दिसतात. शोधायची पद्धत एकच: हळूहळू चालत राहा, पायाजवळून एक ‘पान’ उडेल, ते कुठे बसलं तिकडेच नजर ठेवा आणि नजर न काढता पुढे सरका. नजर हटली की संपलं. खाली पडून कुजलेली, आंबलेली फळं आणि झाडाच्या खोडातून झिरपणारा चीक यांवर बॅरन, नवाब, राजा ही दांडगी फुलपाखरं येतात. फुलांकडे ती क्वचितच फिरकतात.

फुलं अगदीच वगळायची असं नाही, पण बागेतल्या मोठाल्या शोभेच्या फुलांपेक्षा एकदांडीसारखं रस्त्याकडेचं तण जास्त कामाचं. घाणेरीवरही येतात. त्याहून खात्रीची जागा म्हणजे अळ्यांची खाद्यझाडं, कारण मादीला अंडी घालायला तिथे यावंच लागतं. रुईवर प्लेन टायगर, लिंबू आणि कढीपत्त्यावर लाइम व कॉमन मॉर्मन, एरंडावर कॉमन कॅस्टर, बहाव्यावर कॉमन इमिग्रंट, पानफुटीवर रेड पिएरो, कण्हेरीवर कॉमन क्रो. एवढी झाडं ओळखता आली तरी पुष्कळ झालं. अंडी घालणारी मादी पानापानावर क्षणभर टेकत जाते. तिच्यामागे पळण्यापेक्षा पुढच्या कोवळ्या पालवीवर फोकस धरून थांबा. आणि एक खास उन्हाळी जागा: वाळलेला खुळखुळा किंवा भुरुंडी. टायगर आणि क्रो यांच्या कुळातले नर वाळक्या फांद्या-शेंगांना सोंड लावून त्यातली अल्कलॉइड्स घेतात आणि त्यांपासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. फुलं नसलेल्या वाळक्या काटकीवर डझनभर फुलपाखरं का लोंबकळतायत, याचं उत्तर हे.

जवळ कसं जायचं? त्यांचे डोळे हालचाल चटकन टिपतात, बारीक तपशील तितका नाही. म्हणून वेग कमी, उंची कमी. आडवं सरकण्यापेक्षा थेट समोर, इंचाइंचाने सरका. सगळ्यात मोठा शत्रू तुमची सावली. सूर्य पाठीशी घेतला की ती तुमच्याआधी फुलपाखरावर पोचते, म्हणून सूर्य एका बाजूला राहील अशी दिशा धरून जा. हातातली फांदी, लेन्सचं हूड, गळ्यातला पट्टा यांपैकी काहीही ते बसलेल्या गवताला लागलं तर ते उडणारच. दूरवरून एक फोटो आधी काढून ठेवा. तो चांगला नसेल, पण निदान ओळख पटवायला पुरावा राहील.

कॅमेऱ्याचं उन्हाळ्यातलं एक दुखणं फारसं कुणी सांगत नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरत असते, आणि लांबच्या लेन्सने जमिनीलगत बसलेल्या फुलपाखराचा फोटो काढला की तो मऊ, वितळल्यासारखा येतो. लोक लेन्सला दोष देतात, फोकस तपासून घेतात, शटर वाढवतात, आणि कशानेच फरक पडत नाही. उपाय दोनच: अंतर कमी करा, किंवा जमीन तापायच्या आत फोटो काढा. ओल्या मातीवर आणि सावलीत हा त्रास बराच कमी असतो, हा चिखलपानाचा आणखी एक फायदा.

बाकी सेटिंग सोपं आहे. शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली नको, पंख फडफडत असतील तर १/१००० च्या वर. लेन्सचं छिद्र (अॅपर्चर) एफ/८ च्या आसपास. फोकस डोळ्यावर. आणि कॅमेऱ्याचा सेन्सर पंखांच्या पातळीला समांतर. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा, कारण फोकसमध्ये राहणारी खोली फार कमी मिळते: पूर्ण आकाराच्या सेन्सरवर एफ/८ ला १:१ मोठेपणाला (म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा फुलपाखराएवढीच) ती जेमतेम १ मिलिमीटर असते, १:३ ला ५-६ मिलिमीटर. कॅमेरा थोडा तिरका झाला तरी पंखाचं टोक गेलं. पांढरी-पिवळी फुलपाखरं उन्हात काढलेल्या फोटोत पांढरीफटक येतात, पंखावरच्या शिरा दिसेनाशा होतात. तिथे एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉपने उतरवा. दुपारच्या कडक उन्हात पातळ पांढरं कापड किंवा छत्री मदतीला येते, पण ती अचानक आडवी आणू नका.

एक गोष्ट मात्र करू नका. फुलपाखरू पकडून फ्रिजमध्ये गार करायचं, सुस्त झालं की फुलावर ठेवून फोटो काढायचा, असा प्रकार चालतो. असे फोटो ओळखूही येतात: पाय विचित्र जागी, पंख अर्धवट, आणि त्या फुलाशी त्या जातीचा काही संबंध नाही. पंखांची खवलं आणि सोंड यांना त्यात इजा होतेच. वर सावध होऊन उडायला त्याला वेळ लागतो, तेवढ्यात पक्षी किंवा मुंग्या त्याला गाठू शकतात. पहाटेची गार वेळ निसर्ग फुकट देत असताना याची गरजच काय?

फोटो काढताना आधी मिटलेल्या पंखांचा, मग जमल्यास उघड्या पंखांचा घ्या. ब्ल्यूजमध्ये वरची बाजू पाहून जाती वेगळ्या करणं फार अवघड. खालच्या ठिपक्यांवर आणि शेपटीवर सगळं ठरतं.

आता लेन्स. ७०-३०० साधारण १:४ पर्यंत मोठेपणा देते. लाइम किंवा मॉर्मनसारखं ८-१० सेंटीमीटर पंखविस्ताराचं फुलपाखरू ३६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर भरून यायला १:३ पुरतं. तुमचा सेन्सर लहान असेल तर १:४ सुद्धा पुरतं. म्हणजे मोठ्या फुलपाखरांसाठी हातातली लेन्स बास आहे. अडचण येते दोन सेंटीमीटरच्या ब्ल्यूजपाशी. त्यांच्यासाठी आधी ७०-३०० च्या टोकाला क्लोज-अप फिल्टर लावून बघा. तरीही मॅक्रो घ्यावीशी वाटली तर ५०-६० ऐवजी ९० ते १०५ ची घ्या. पण १:१ ला तिचंही टोक फुलपाखरापासून जेमतेम १५ सेंटीमीटरवर येतं. तेवढ्या जवळ जायची सवय ७०-३०० वरच, चिखलाशेजारी पोटावर पडून करून घेता येईल.