समुद्र खरंच गोठतो का? फेब्रुवारीत हेलसिंकीला गेलो तर त्यावरून चालता येईल का?

गोठतो. "मिठाचं पाणी गोठत नाही" हे अर्धवट ज्ञान आता पुरे झालं. थंडी जास्त लागते, एवढंच. महासागराचं पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठतं. हेलसिंकीसमोरचा बाल्टिक समुद्र शून्याच्या जरासा खाली गेला तरी गोठतो, कारण तिथे किलोभर पाण्यात मीठ जेमतेम ५-६ ग्रॅम. आपल्या अरबी समुद्रात ३५च्या वर.

मी हेलसिंकीत राहते. २०११च्या फेब्रुवारीत दादा आला होता. त्या हिवाळ्यात बाल्टिकचा सुमारे ३ लाख ९ हजार चौरस किलोमीटर भाग गोठला होता. काइवोपुइस्तो बागेच्या किनाऱ्यावरून मी त्याला सरळ समुद्रात चालवत नेलं. लोक कुत्री फिरवत होते, स्की करत होते. आम्ही दोघं रत्नागिरीत मिऱ्याच्या समुद्राजवळ वाढलेलो. दादाने बर्फाचा तुकडा उचलून जिभेला लावला आणि निकाल दिला, "खारट नाही. तळं आहे हे."

अरे, पाणी गोठताना बरंचसं मीठ बाहेर पडतं, खालच्या पाण्यात जातं! त्याला पटेना. जवळच एक आजोबा छोट्या स्टुलावर बसून गिरमिटाने पाडलेल्या भोकात गळ टाकून होते. शेजारी दोन मासे गोठून काठीसारखे कडक झालेले. त्यांना विचारून दादाने भोकात बोट बुडवलं, चाखलं. म्हणाला, "खारट आहे, पण अगदी कमी."

चालायचं तर लोक चालतात त्याच वाटेने. एका माणसाला निदान ५ सेंटीमीटर टणक बर्फ लागतो. पुलाखाली, लव्हाळ्याजवळ आणि सुओमेनलिन्ना बेटाच्या फेरीबोटीच्या वाटेवर अजिबात जायचं नाही. बोट बर्फ फोडून जाते, मागे पातळ खपली धरते, वर हिम भुरभुरलं की काही कळत नाही. गळ्यात बर्फात रुतवायचे टोचे हवेतच. पाण्यात पडलात तर ओल्या हातांना बर्फाची कड धरता येत नाही. फोटोसाठी एकटे पुढे जाणारे आपले लोक बघितले की संताप होतो.

हो, आणि दरवर्षी असं गोठत नाही. २०२०च्या हिवाळ्यात बाल्टिकचा जास्तीत जास्त ३७ हजार चौरस किलोमीटर भाग गोठला. फक्त यासाठीच यायचं असेल तर उत्तरेला औलू शहरात जा.

दादा अजून रत्नागिरीत सांगत फिरतो की बहिणीने मला तळ्यावर नेलं. त्या भोकातलं पाणी त्यानेच चाखलं होतं, आणि "खारट आहे" हे त्याचेच शब्द.