बाबांसाठी मिस्सा, बाबांसाठी कद्दिश

मावशी,
माझं माहेर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी, अलिबागकडचं. सासर वसईचं, कॅथलिक. लग्नाला नऊ वर्षं झाली आणि दोन्ही घरांनी एकमेकांना बऱ्यापैकी सांभाळून घेतलं होतं. चार महिन्यांपूर्वी बाबा गेले. भाऊ इस्रायलमध्ये अश्दोदला असतो, तो तिथे कद्दिश, म्हणजे गेलेल्यासाठी म्हणायची आमची प्रार्थना, म्हणतो. इकडे सासूबाईंनी 2 नोव्हेंबरच्या, म्हणजे सर्व मृतांच्या स्मरणदिनाच्या, चर्चमधल्या मिस्सा या उपासनेसाठी बाबांचं नाव दिलं आणि आईला फोनवर म्हणाल्या, ‘शुद्धिस्थानातून त्यांची लवकर सुटका होवो.’ आई भयंकर दुखावली. ‘तुझे बाबा काय तुरुंगात आहेत?’ म्हणाली आणि तेव्हापासून माझ्याशीही धड बोलत नाही. वर नणंदेचं म्हणणं, बाप्तिस्माच नाही तर मिस्साचा उपयोग काय! सात वर्षांची लेक विचारते, आजोबा आता कुठे आहेत? आणि मी मुलगी, त्यामुळे माझ्या वाट्याला कद्दिशही नाही. कुणाचं ऐकू?
– दोन घरांच्या मधली

प्रिय मधली,

सासूबाईंचं चुकलं, हे आधी सांगून टाकते. नाव द्यायच्या आधी तुझ्या आईला विचारायला हवं होतं आणि चार महिन्यांच्या विधवेशी बोलताना ‘सुटका’ हा शब्द तोंडातून जायला नको होता. पण त्या शब्दामागे त्यांच्या मनात काय होतं, ते तुझ्या आईपर्यंत पोचलेलंच नाही.

कॅथलिक शिकवणीत शुद्धिस्थान म्हणजे छोटा नरक नव्हे. तिथे जाणाऱ्या आत्म्याचं तारण आधीच ठरलेलं असतं. तो देवासमोर उभं राहण्याआधी स्वच्छ होतो, एवढंच. 1439 ची फ्लॉरेन्सची धर्मसभा आणि 1563 मध्ये संपलेली ट्रेंटची धर्मसभा, दोन्हींनी एवढं सांगितलं की ही शुद्धी आहे आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनांचा त्या आत्म्यांना आधार होतो. नरकात गेलेल्यासाठी कुणी मिस्सा सांगत नाही. म्हणजे तुझ्या सासूबाईंनी व्याह्यांचं नाव दिलं तेव्हा हा माणूस स्वर्गाच्या वाटेवर आहे, हे त्यांनी मनोमन धरलेलंच होतं. त्यांच्या भाषेत याहून मोठा मान नाही.

नणंदेला म्हणावं, तुमच्याच धर्मसभेचं वाच. दुसऱ्या व्हॅटिकन सभेने 1964 मध्ये स्पष्ट लिहिलंय की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. यहुदी लोकांचा तर तिथे वेगळा, आदराने उल्लेख आहे. आणि चर्चच्या कायद्यात कलम 901 असं आहे की धर्मगुरू कोणाही जिवंत किंवा मृत माणसासाठी मिस्सा अर्पण करू शकतो. फादरना विचारलंस तर तेही हेच सांगतील. नणंदेशी वाद घालत बसू नकोस, फादरांकडे पाठव.

आता आईकडे. पुढचं सगळं तुझ्यासाठी लिहितेय. तिच्यासमोर पुरावे मांडू नकोस, शोकातल्या माणसाला वादात जिंकून काय मिळवणार?

‘आमच्यात असलं काही नाही’ असं तिला वाटतं, पण आहे. जुन्या शास्त्रात मेलेले सगळे शओलमध्ये जातात, अंधाऱ्या, निःशब्द जागी. तिथून शौल राजा मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याला बोलावून घेतो तर तो म्हणतो, मला का त्रास दिलास? पुढे दानीएलच्या पुस्तकात येतं की धुळीत झोपलेल्यांतले पुष्कळ जण जागे होतील. यरुशलेमच्या मंदिराच्या काळात यहुद्यांचे दोन पंथ होते. सदूकी म्हणत, असलं पुनरुत्थान वगैरे काही नाही. परुशी म्हणत, आहे. परुशांचं मत टिकलं, रब्बींनी ते पुढे नेलं आणि रोजच्या प्रार्थनेत आजही देवाला ‘मृतांना जिवंत करणारा’ म्हणतात. येशूचं आणि पौलाचं मतही या बाबतीत परुशांच्याच बाजूचं. तुझ्या सासरच्यांच्या श्रद्धासारात ‘देहाचं पुनरुत्थान’ येतं, त्याचं मूळ तुझ्या माहेरात आहे.

आणि गेहिन्नोम. यरुशलेमच्या एका दरीचं हे नाव. मिश्ना, म्हणजे रब्बींच्या शिकवणीचा जुना संग्रह, सांगते, दुष्टांची तिथली शिक्षा बारा महिन्यांची. म्हणून पुष्कळ ठिकाणी मुलगा आईवडिलांसाठी कद्दिश अकराच महिने म्हणतो, कारण पूर्ण बारा म्हटलं तर आपला बाप दुष्ट होता असं कबूल केल्यासारखं होईल! केवढा हळवा हिशोब आहे बघ. बापाच्या आत्म्यासाठी झटायचं, पण त्याची अब्रूही राखायची. हश्काबा ही तुमची दुसरी प्रार्थना तर सरळसरळ गेलेल्याच्या आत्म्याला विश्रांती मिळावी म्हणूनच असते.

याहून गंमत म्हणजे मृतांसाठी प्रार्थना करावी याला कॅथलिक लोक आधार कुठला देतात? मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा. लढाईत पडलेल्या काही सैनिकांच्या अंगरख्याखाली मूर्तींचे ताईत सापडले. सेनापतीने त्या पापासाठी प्रार्थना करवली आणि सुमारे दोन हजार चांदीची नाणी गोळा करून यरुशलेमला बलिदानासाठी पाठवली. सेनापती कोण? यहुदा मक्काबी. हनुक्काला तुझी आई ज्याच्या विजयाचे दिवे लावते, तोच. हे पुस्तक यहुदी शास्त्रात नाही आणि प्रोटेस्टंटांनीही बाजूला ठेवलं, पण वसईच्या घरातल्या बायबलमध्ये ते आहे.

मग भांडण कशाचं? मला विचारशील तर आत्म्याचं नाहीच. बाबांवर हक्क कुणाचा, याचं आहे. आमच्याकडे आजीच्या पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा तिची शेवटची इच्छा कोणती होती यावरून माझ्या दोन आत्या घाटावरच जुंपल्या होत्या. धर्म एक, घर एक, तरी हीच गत.

आईला एकटीला भेट. फोनवर नको, तिच्या स्वयंपाकघरात बस. म्हण, ‘त्यांनी विचारायला हवं होतं, न विचारता केलं हे चुकलं.’ हे आधी, ‘पण’ न लावता. नंतर केव्हातरी सांग की त्यांच्यात असं नाव देतात ते ज्याला आपला मानलं त्याचंच. मिस्सा रद्द कर म्हणाली तर रद्द कर. नवरा तिचा गेलाय. सासूबाई घरच्या घरी जी प्रार्थना करतील ती कोण अडवणार? आणि त्यांनाही सांग, पुढच्या वेळी आईला आधी स्वतः विचारा.

कद्दिशबद्दल. जुन्या वळणाच्या मंडळींत तो मुलगाच म्हणतो आणि त्याला दहा पुरुष लागतात. निम्मी आळी इस्रायलला गेल्यावर कोकणात दहा जमवणं किती अवघड झालंय, हे तुला सांगायला नको. इतर काही पंथांत मुलीही म्हणतात. तुझ्याकडे ती सोय नाही याचं दुःख मी खोटं ठरवणार नाही. पण कद्दिशमध्ये मरणाचा एक शब्दही नाही, फक्त देवाची स्तुती आहे, आणि ‘आमेन’ म्हणणाऱ्यांशिवाय तो पुरा होत नाही. भावाला म्हण, एक दिवस फोन चालू ठेव. तू वसईतून आमेन म्हण. बाबांच्या नावाने दानधर्म कर, त्याला ना दहा माणसं लागतात ना मुलगा असावा लागतो.

राहिली लेक. तिला खोटं सांगू नकोस आणि तारे दाखवू नकोस. सांग, आजोबांचं शरीर दफनभूमीत आहे, आत्मा देवाकडे आहे असं तुझ्या दोन्ही आज्या मानतात, आणि पुढे नेमकं कसं होतं ते कुणी पाहून आलेलं नाही. दोन्ही घरं आणखी एक गोष्ट मानतात, की एक दिवस सगळे पुन्हा उठतील. ‘मग आजोबांचा चष्मा?’ असं तिने विचारलंच, तर हसायला हरकत नाही.

पहिल्या वर्षदिनाला दिवा लावालच. नीतिसूत्रांत म्हटलंय, माणसाचा आत्मा परमेश्वराचा दिवा आहे. तेलाचाच लाव, मेणबत्ती नको. तुमच्या पूर्वजांना कोकणात शनिवार तेली म्हणत, घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. तेल घालायचं काम लेकीला दे, आणि सासूबाई आल्या तर त्यांना तिच्याशेजारी बसव.

– मावशी