पहिल्यांदाच घरी थँक्सगिव्हिंग करतेयस ना, मग हे वाच

अगं थँक्सगिव्हिंग, म्हणजे अमेरिकेतला आभार मानायचा सण, नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो म्हणून बुधवारी फ्रोजन टर्की (त्या दिवशी भाजतात तो कोंबडीसारखा मोठा पक्षी) आणशील तर काही खरं नाही, 15 पौंडाची असेल तर फ्रीजमधे वितळायला 3 दिवस तरी लागतात, त्यामुळे रविवारीच ट्रेमधे घालून खालच्या कप्प्यात ठेव. आणि धुवू नकोस हं, ते कच्च्या मांसाचं पाणी सिंकभर उडतं. भाजताना टर्कीच्या मांडीच्या जाड भागात, हाडाला न लावता थर्मामीटर खुपस, 165 फॅरनहाइट दिसलं की झालं. गोडाला पाय (pie) विकतचा आण, खरंच चालतो. जेवणाआधी एकेक जण कशाबद्दल थँकफुल आहे ते सांगतो, तिथे लाजू नकोस, मराठीत बोललीस तरी चालेल पण मोघम नको, आजारपणात कुणी वरणभात आणून दिला असेल तर त्याचं नाव घेऊन, त्याच्याकडे बघून सांग.