घर मागच्या बाजूने वाचावे

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या डोर काउंटीतील जुन्या घरांची नोंद करण्याचे काम तू हाती घेतलेस, याचा मला फार आनंद झाला. मात्र तू पाठवलेली जवळजवळ सगळी छायाचित्रे घराच्या दर्शनी बाजूची आहेत, म्हणून हे पत्र.

आधी जमीन समजून घे. १७८५ च्या अध्यादेशाने ठरवलेल्या पद्धतीनुसार तेथील भूमीची मोजणी सहा मैल बाजूच्या चौरसांत आणि त्यांतील ६४० एकरांच्या ३६ तुकड्यांत झाली. १८५३ पासून आलेल्या बेल्जियन शेतकऱ्यांच्या वाट्याला जंगल आले, ते या रेषांनी आखलेलेच. त्यामुळे आपल्या गावठाणासारखी दाट वस्ती न होता घरे ज्याच्या त्याच्या शेतावर, रस्त्याच्या कडेने पसरली. नामूर या बेल्जियन वस्तीच्या परिसरात नवस फेडण्यासाठी बांधलेली, मोजकीच माणसे मावतील अशी प्रार्थनागृहेही रस्त्यालगतच दिसतात. उत्तरेकडचे एफ्राइम मात्र मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या नॉर्वेजियन मंडळींनी त्याच वर्षी बंदराकाठी एकत्र वसवले. म्हणून दोन्हींना एकच मोजपट्टी लावू नकोस.

८ ऑक्टोबर १८७१ रोजी ग्रीन बे आखाताच्या पलीकडे पेश्टिगो गावाचा भीषण वणवा पेटला, त्या रात्री आखाताच्या या, डोर काउंटीच्या बाजूलाही आगीने थैमान घातले आणि बेल्जियन वस्तीतली असंख्य लाकडी घरे जळून गेली. त्यानंतर लाल विटांची घरे उभी राहिली. तथापि वीट दिसली म्हणून ‘विटांचे घर’ असे लिहून मोकळा होऊ नकोस. मीही एका घराची तशीच नोंद केली होती. मालकीणबाईंनी मला माळ्यावर नेऊन विजेरीच्या उजेडात कुऱ्हाडीने तासलेले ओंडके दाखवले, तेव्हा बाहेरची वीट हे केवळ आवरण असल्याचे कळले. खिडकीपाशी भिंतीची जाडी मोजली असती, तर शंका तेव्हाच आली असती.

मागच्या अंगणातले उन्हाळी स्वयंपाकघर तर मुळीच चुकवू नकोस. त्याच्या मागच्या भिंतीतून पाव भाजण्याची भट्टी बाहेर आलेली असते, तिच्यावर स्वतंत्र छप्पर असते आणि तिचे तोंड आत, स्वयंपाकघरात उघडते. अशा फार थोड्या भट्ट्या उरल्या आहेत, आणि छप्पर गळू लागले की त्या झपाट्याने ढासळतात.

पुढच्या खेपेस मालकांची परवानगी घेऊन आधी मागे जा, भट्टीच्या तोंडाची मापे घे आणि तिचे छप्पर कोणत्या अवस्थेत आहे ते मला सविस्तर कळव.

तुझा शुभचिंतक