हिरवे गवत सोडून गुरे पुढे का जातात?

पावसाळ्याच्या अखेरीस खारघरच्या टेकडीवर सकाळी फिरताना गुरांचा कळप गुडघाभर हिरव्या गवतातून तोंडही न लावता निघून जातो आणि पुढच्या उघड्या माळावर वीतभर गवतात तासन्‌तास चरत राहतो, असे आपण या चर्चेत लिहिले आहे आणि ‘त्यांना एवढेही कळत नाही का?’ असे विचारले आहे. माझे लहानपण गुरांमागे गेले आणि नंतरची नोकरीही जनावरांच्या दवाखान्यातच झाली. त्या अनुभवावरून सांगतो की त्यांना कळते. फक्त आपण हिरवेपणा पाहतो आणि ती पचन पाहतात.

गवत गुडघ्याला लागले, त्याला तुरे आले, की त्याची काडी निबर होते. कुसळीसारखे गवत तर कुसळे धरल्यावर तोंडाला टोचते. निबर काडी पोटाच्या पहिल्या कप्प्यात जाऊन पडते आणि तिथल्या सूक्ष्मजीवांनी ती पुरेशी मोडेपर्यंत पुढे सरकत नाही. म्हणजे पोट भरलेले दिसते, पण अंगी काही लागत नाही. चाऱ्यातील प्रथिने साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की ते सूक्ष्मजीवच उपाशी पडतात आणि जनावराचे खाणे आणखी मंदावते. उलट अगदी बोटभर गवत कितीही कोवळे असले तरी एका घासात फारसे येत नाही. त्यामुळे फार उंचही नाही आणि फार खुरटेही नाही, असे मधले गवत चरणाऱ्या जनावराला सर्वांत किफायतशीर पडते. आपण पाहिलेला माळ बहुधा तसाच, आधी चरून पुन्हा फुटलेला असावा.

आणखी एक शक्यता आहे. माळावर मध्येच गडद हिरवे, उंच पुंजके दिसत असतील, तर त्यांच्या बुडाशी जुने शेण शोधून पाहावे. शेणखतामुळे तिथे गवत जोमाने वाढते. पण शेणाजवळच्या गवतावर पोटातील जंतांच्या अळ्या असतात आणि गुरे त्या वासाचे गवत टाळतात. सगळ्यात हिरवा भाग सगळ्यात दुर्लक्षित राहतो, तो यामुळे.

आता चरण्याच्या रीतीविषयी. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जीभ बाहेर काढून गवताच्या झुबक्याभोवती गुंडाळते, तो खालचे दात आणि वरची कठीण हिरडी यांत दाबून धरते आणि मानेच्या हिसक्याने तोडते. मी एकदा एका गाईशेजारी घड्याळ घेऊन उभा राहिलो होतो. मिनिटाला पन्नासच्या आसपास घास भरले, आणि मध्ये ती थांबली ती फक्त माझ्या पिशवीचा वास घेण्यापुरती. तिच्या पुढच्या खुरांकडे पाहिले की हिशेब लक्षात येतो. खूर न हलवता मान जिथवर पोचते तेवढ्या अर्धवर्तुळातले चांगले घास ती उचलते, आणि उरलेले सारे संपवत न बसता एक-दोन पावले पुढे सरकते. दिवसातले सुमारे आठ-नऊ तास चरण्यात आणि जवळजवळ तेवढेच रवंथ करण्यात जातात, त्यामुळे वेळ हेच तिचे भांडवल असते. एका जागेवरचा मिळकतीचा वेग भोवतालच्या सरासरीइतका खाली आला की ती जागा सोडावी, हे गणित अमेरिकन परिसंस्थाशास्त्रज्ञ एरिक चार्नोव्ह यांनी १९७६ साली मांडले. गाय त्याच अंगाने वागते, पण काटेकोरपणे नव्हे; भूक, सावली आणि शेजारच्या गाईची शिंगे यांचाही त्यात वाटा असतो.

गुरे एकाच वाटेने का जातात, त्याचे कारण उतारात आणि पाण्यात आहे. गाई खडी चढण टाळतात, म्हणून त्यांच्या वाटा डोंगराला आडव्या, पायऱ्यांसारख्या उमटतात. आणि पाणवठ्यापासून दीड-दोन किलोमीटरच्या पलीकडे त्यांचे चरणे झपाट्याने कमी होते. कुठे चांगला चारा मिळाला होता हे त्या लक्षातही ठेवतात. अर्थात आपल्या टेकडीवर निम्मा निर्णय गुराख्याचा असतो, हेही विसरून चालणार नाही.

गुराखी नसलेल्या कळपात हा निर्णय कसा होतो, याचे मला आवडणारे निरीक्षण टांझानियातील मान्यारा सरोवराजवळच्या रानम्हशींचे आहे. विश्रांतीच्या वेळी माद्या एकेक करून उठतात, एका दिशेला तोंड करून क्षणभर पाहतात आणि पुन्हा बसतात. संध्याकाळी कळप निघतो तो या नजरांच्या सरासरी दिशेने. त्याच देशातील सेरेंगेटीत दहा लाखांहून अधिक वाइल्डबीस्ट (गवत खाणारी, कळपाने राहणारी मोठी आफ्रिकी हरणे) पावसामागून चालतात: ओल्या हंगामात दक्षिणेच्या आखूड, खनिजसमृद्ध गवतावर वितात आणि कोरड्या हंगामात उत्तरेला मारा नदीकडे सरकतात. तिथेही गवत नुसते भरपूर असून भागत नाही, ते कोवळे असावे लागते.

गुरे चुंबकासारखी उत्तर-दक्षिण उभी राहतात, असे याच चर्चेत एका सदस्यांनी लिहिले आहे. उपग्रहचित्रांवरून तसा दावा २००८ साली झाला होता, पण २०११ मध्ये दुसऱ्या गटाला चित्रे तपासून तो आढळला नाही. माझ्या पाहण्यात तरी वारा, ऊन आणि उतार यांनीच त्यांची तोंडे फिरतात.

आपला प्रश्न पावसाळ्याच्या अखेरचा आहे. कार्तिकात पुन्हा जाऊन पाहावे: माळ पिवळा पडलेला असेल आणि हाच कळप आपण सांगितलेला उघडा भाग सोडून ओढ्याच्या काठाला, जिथे ओल टिकून राहते त्या पट्ट्यात चरताना दिसेल.