मुलांच्या फीसाठी आईवडिलांच्या नावावरचं कर्ज

ताई, तुम्ही विचारलंय की भावाच्या अर्जावर ग्रीन कार्ड होऊन तुम्ही चौघं पुण्याहून न्यू जर्सीला येताय, मुलाची बारावी झालेली असेल, मुलीचं बी.टेक., तर दोघांची फी इथल्या सरकारी कर्जावर भागेल का. थोडी भागेल, सगळी नाही. आणि मुलाच्या फीचं मोठं ओझं तुमच्याच नावावर येईल.

ग्रीन कार्डावर येताय हे बरं आहे. एफ-1 (विद्यार्थी), एच-1बी (नोकरी), एच-4 (एच-1बी वाल्यांचे कुटुंबीय) या व्हिसांवर आलेल्यांना अमेरिकेच्या केंद्र सरकारची ही कर्जं मिळत नाहीत.

आधी मुलीचं. मास्टर्ससाठी 2006 पासून ग्रॅड प्लस नावाचं कर्ज होतं, त्यात कॉलेजचा जवळजवळ सगळा खर्च बसायचा. 2025 च्या कायद्याने ते नव्या विद्यार्थ्यांसाठी 1 जुलै 2026 पासून बंद केलं. तिला तिच्या स्वतःच्या नावावर वर्षाला 20,500 डॉलरपर्यंत साधं सरकारी कर्ज मिळेल, त्यावर हमीदार लागत नाही. वरचा खर्च कुठून, हे प्रवेश घेण्याआधीच ठरवा.

मुलाला पहिल्या वर्षी स्वतःच्या नावावर फक्त 5,500 डॉलर मिळतात. उरलेल्यासाठी तुमच्यापुढे पॅरेंट प्लस, म्हणजे मुलाच्या फीसाठी आईवडिलांच्या नावावर मिळणारं सरकारी कर्ज, येईल. 1 जुलै 2026 पासूनच्या नव्या कर्जदारांना त्यात एका मुलामागे वर्षाला 20,000 आणि एकूण 65,000 डॉलर ही मर्यादा आहे. 2025-26 च्या कर्जांवर व्याज 8.94 टक्के होतं, शिवाय 4.228 टक्के फी आधीच कापून घेतात. म्हणजे 20,000 वर सही केलीत तर कॉलेजच्या खात्यात 19,154 पडतात, व्याज मात्र 20,000 वर. या दराने 65,000 वर नुसतं व्याजच महिन्याला साधारण 484 डॉलर होतं.

आता खरी काळजीची गोष्ट. हे कर्ज मिळणं फार सोपं आहे. तुमचा पगार किती, हे विचारत नाहीत. जुनी थकबाकी वगैरे आहे का एवढंच बघतात, आणि इथे नवीन आलेल्याची कोरी पाटी वाईट धरत नाहीत. ज्या घरात अजून नोकरीचा पत्ता नाही, त्या घरालाही वर्षाला 20,000 डॉलर मंजूर होऊ शकतात. आणि ते फेडायचं आईने किंवा बाबांनी, ज्यांनी सही केली त्यांनी. मुलगा नोकरीला लागला तरी सरकारी कागदावर ते त्याच्या नावावर करता येत नाही.

2019 साली माझ्या मुलीच्या कॉलेजकडून खर्च आणि मदतीचं पत्र आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच वाचलं. वर एकूण खर्च, खाली 'मदत' म्हणून चार ओळी, आणि तळाशी 'तुम्ही भरायचे : 0'. मला रडूच आलं आनंदाने. रात्री यांनी पेन्सिलने एक ओळ अधोरेखित केली : पॅरेंट प्लस, 18,000. मदतीच्या यादीत घातलेलं आमचंच कर्ज! आम्ही सही केली. 7.08 टक्क्यांचा तो हप्ता अजून चालू आहे. तुमचं पत्र आलं की प्रत्येक ओळीपुढे 'फुकट' की 'परत करायचे' हे आधी लिहून काढा.

माझं ऐकाल तर मुलाला पहिली दोन वर्षं काउंटी कॉलेजात, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, घाला. घरी राहील, फी कितीतरी कमी, आणि तिथली असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची, पदवी घेऊन न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येतं. तोवर तुमचं राज्यातलं 12 महिन्यांचं वास्तव्यही पूर्ण होतं, म्हणजे फी रहिवाशांच्या दराने लागते. पुण्यात नातेवाईक 'काउंटी कॉलेज म्हणजे काय?' विचारतील. विचारू देत.

निघण्याआधी एक काम नक्की करा. चौघांची नावं पासपोर्टवर आणि ग्रीन कार्डाच्या कागदांवर अक्षरशः सारखी आहेत का बघा. आपल्याकडे मधलं नाव कुठे असतं, कुठे नसतं. फाफ्सा, म्हणजे या सगळ्याचा मूळ अर्ज, सोशल सिक्युरिटीच्या (इथला सरकारी ओळख क्रमांक देणाऱ्या खात्याच्या) नोंदीशी नाव ताडून बघतो, आणि तिथे फरक निघाला की अर्ज अडकतो.