रॅम्प आहे, पण कार्यालयापर्यंत पोहोचता येत नाही

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे सरकारी इमारतींमधील दिव्यांग व्यक्तींच्या अडचणींविषयी आहेत. त्यांतील चार प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : आमच्या गावात ग्रामपंचायतीची नवी इमारत झाली. दारापुढे रॅम्प आहे, परंतु तो इतका चढा आहे की चाकाची खुर्ची वर न्यायला दोन माणसे लागतात. अभियंता म्हणतात, नियमाप्रमाणे रॅम्प दिला आहे. योग्य रॅम्प कसा असतो? (ग्रामपंचायत सदस्या, सातारा जिल्हा)

उत्तर : रॅम्पची कसोटी त्याच्या उतारात असते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हा उतार 1:12 पेक्षा चढा नसावा, म्हणजे एक फूट उंची गाठण्यासाठी किमान बारा फूट लांबी हवी. पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून आपल्याकडे जोते उंच ठेवतात आणि ते योग्यही आहे. मात्र जोते तीन फूट असेल, तर रॅम्पची लांबी 36 फूट होते आणि मधल्या सपाट टप्प्याची जागा त्याहून वेगळी लागते. इमारतीपुढे एवढी जागा सोडलेली नसते, म्हणून तोच रॅम्प बारा-पंधरा फुटांत बसवला जातो. बारा फुटांत तीन फूट चढणारा रॅम्प 1:4 उताराचा होतो. त्यावर खुर्ची मागे उलटण्याचा धोका असतो आणि उतरताना तर ती हाताने आवरतच नाही.

जागा अपुरी असल्यास रॅम्प भिंतीलगत वळवून दोन टप्प्यांत नेता येतो, किंवा अंगणात हळूहळू चढत जाणारा भराव घालून दारापाशी उरणारी उंची कमी करता येते. रुंदी किमान 1200 मिलिमीटर असावी, दोन्ही बाजूंना साधारण 760 आणि 900 मिलिमीटर अशा दोन उंचींवर कठडे असावेत आणि वळणावर खुर्ची फिरेल इतकी, म्हणजे 1500 मिलिमीटर लांब-रुंद, सपाट जागा असावी. गुळगुळीत चकचकीत फरशी रॅम्पवर कधीही बसवू नये, कारण पावसाळ्यात तिच्यावरून कुबडी घसरते.

याच्या पुढचा भाग तपासायला मात्र बहुतेकांना सुचत नाही. दार 900 मिलिमीटर रुंद आहे का, उंबरठा आडवा येतो का, अर्ज देण्याचा कट्टा बसलेल्या माणसाच्या हाताशी येतो का, हेही पाहावे लागते. स्वच्छतागृहाचे दार बाहेरच्या बाजूला उघडते का, हेही पाहावे. आत उघडणाऱ्या दारामुळे खुर्ची आत गेल्यावर दार लावता येत नाही. दिव्यांगांसाठी बांधलेल्या स्वच्छतागृहाला कुलूप लावून त्यात जुनी दप्तरे रचून ठेवलेली अनेक ठिकाणी दिसतात. फाटकापासून मेजापर्यंत एकही जागा अडली, तर बाहेरच्या रॅम्पचा उपयोग उरत नाही.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 44 नुसार, नियमांशी विसंगत आराखड्याला बांधकाम परवानगी देता येत नाही आणि तशा इमारतीला पूर्णत्वाचा दाखलाही देता येत नाही. म्हणून शेवटचे देयक मंजूर होण्यापूर्वी गावातील चाकाची खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीला बोलावून तिच्याकडूनच इमारत तपासून घ्यावी, असा ठराव आपण मांडावा. रॅम्पच्या दुरुस्तीचा खर्च दिव्यांगांसाठी राखलेल्या पाच टक्के निधीतून करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तो बांधकामाचाच खर्च आहे आणि बांधकामाच्या तरतुदीतूनच व्हायला हवा.

प्रश्न : पत्नीला जिना चढता येत नाही. दस्त नोंदणीचे कार्यालय दुसऱ्या मजल्यावर असून तेथे लिफ्ट नाही. इमारत भाड्याची असल्याने आम्ही काही करू शकत नाही, असे तेथे सांगितले जाते. हे बरोबर आहे का? (एक ज्येष्ठ नागरिक, नाशिक)

उत्तर : बरोबर नाही. वरील अधिनियमात सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या आहे, तिच्यात लोकांची ये-जा असलेली खासगी मालकीची इमारतही येते. कलम 45 नुसार अशा जुन्या इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांच्या आत सुगम करायच्या होत्या. नियम 15 जून 2017 रोजी अधिसूचित झाले, म्हणजे ही मुदत जून 2022 मध्येच संपली. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत चाकाच्या खुर्चीवरील एका वधूला विवाह नोंदणीसाठी दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावे लागले, तेव्हा राज्यभर हळहळ व्यक्त झाली होती. कार्यालय भाड्याने घेतानाच तळमजला किंवा चालू लिफ्ट ही अट करारात घातली, तर असा प्रसंगच उद्भवणार नाही.

आपले काम मात्र त्यासाठी खोळंबून राहू नये. नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 38 नुसार, शारीरिक दुर्बलतेमुळे जिला धोक्याशिवाय किंवा गंभीर गैरसोयीशिवाय कार्यालयात हजर राहता येत नाही, अशा व्यक्तीला तेथे हजर राहण्यापासून सूट आहे. नोंदणी अधिकाऱ्याने तिच्या घरी यावे किंवा त्यासाठी दुसऱ्या व्यक्तीची नेमणूक करावी, अशी तरतूद आहे. दुय्यम निबंधकांकडे तसा लेखी अर्ज करून त्याची पोच घ्यावी.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेत लिपिक आहे. पोलिओमुळे कुबड्या वापरतो. माझे टेबल वरच्या मजल्यावर आहे. तळमजल्यावर बसू द्यावे, ही विनंती तोंडी नाकारण्यात आली. (नाव न छापण्याच्या विनंतीवरून)

उत्तर : कर्मचाऱ्याला या बाबतीत वेगळा आधार आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियमाच्या कलम 20 नुसार सरकारी आस्थापनेने दिव्यांग कर्मचाऱ्याला योग्य सोय आणि अडथळाविरहित वातावरण द्यायचे असते. ते न मिळाल्यास कलम 23 नुसार नेमलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवता येते आणि नोंदणीपासून दोन आठवड्यांत तिची चौकशी व्हावी लागते. तिने समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते. आता तोंडी विनंती थांबवून लेखी अर्ज करावा.

प्रश्न : सगळी चर्चा रॅम्पभोवतीच होते. आम्ही दृष्टिहीन विद्यार्थी कार्यालयात गेल्यावर कोणत्या खोलीत जायचे, हेच कळत नाही. आमचा विचार कायद्यात नाही का? आणि तक्रार कोठे करावी? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : आपली तक्रार पूर्णतः रास्त आहे. कायद्यात आपला विचार आहेच. शिवाय या विषयावरील महत्त्वाचा खटलाही राजीव रतुरी या दृष्टिहीन व्यक्तीने 2005 मध्ये दाखल केलेल्या जनहित याचिकेतून उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये सरकारी इमारतींसाठी मुदती ठरवून दिल्या आणि त्यानंतरही काम रेंगाळल्यावर 8 नोव्हेंबर 2024 रोजी याच अधिनियमाखालील 2017 च्या नियमावलीतील, सुगमतेच्या निकषांविषयीचा नियम 15 कायद्याशी विसंगत ठरवला. कायद्याने बंधनकारक केलेली गोष्ट या नियमात केवळ शिफारशीच्या स्वरूपात उरली होती, हे त्याचे कारण होते. बंधनकारक किमान निकष तीन महिन्यांत तयार करावेत, असा आदेश न्यायालयाने केंद्राला दिला.

पायाला जाणवणाऱ्या उंचवट्यांच्या फरशा, लिफ्टमध्ये ब्रेल बटणे व मजला सांगणारा आवाज, खोलीच्या दाराशेजारी ब्रेल पाटी आणि कमी दिसणाऱ्यांसाठी पायऱ्यांच्या कडेला ठळक वेगळ्या रंगाचा पट्टा, इतक्या गोष्टी तरी प्रत्येक कार्यालयात असायला हव्यात. टोकनचा क्रमांक केवळ पडद्यावर दिसत असेल, तर तो आपल्याला कळत नाही. तो केवळ पुकारला, तर कर्णबधिर व्यक्तीला ऐकू येत नाही. म्हणून दोन्ही व्यवस्था एकाच वेळी असणे आवश्यक आहे.

तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, म्हणजे पुण्यातील आयुक्तालयाकडे करावी. चौकशीसाठी आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी केलेल्या शिफारशीवर संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत कार्यवाही कळवायची असते आणि शिफारस मान्य नसल्यास त्याची कारणे आयुक्तांना व तक्रारदारालाही कळवावी लागतात. तक्रारीत कार्यालयाचे नाव, भेटीची तारीख आणि नेमके कोठे अडले याचा तपशील द्यावा. एखाद्या मित्राने काढलेली छायाचित्रे सोबत जोडावीत आणि कार्यालयाचे उत्तर आपल्याला वाचता येईल अशा स्वरूपात द्यावे, अशी मागणीही त्याच अर्जात करावी.